रेड अलर्ट लागलाय, मग रात्रीची गाडी सोडताच कशाला?

पागोळी

गणपतीच्या तिकिटासाठी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसलो होतो. आठ वाजून तीन मिनिटांनी हाती लागलं ते रात्रीच्या गाडीचं तिकीट, तेही तिघं तीन डब्यांत. तिकीट मिळालं म्हणून घरचे खूश, माझ्या मात्र पोटात गोळा.

चारेक पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. वडिलांना घेऊन गावाहून मुंबईला येत होतो. गाडी कुठली, स्टेशन कुठलं, ते जाऊ दे. पुढे रुळांवर पाणी आलं म्हणून रात्री पावणेदोनला गाडी उभी राहिली, ती दुसऱ्या दिवशी साडेअकराला हलली. स्टेशन एवढंसं की आमचा डबा फलाट सोडून करवंदीच्या जाळीपाशी. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साखरेचा त्रास, इन्सुलिन थर्मासात आणि बर्फाचं कधीच पाणी झालेलं. पहाटे डब्यातलं पाणी संपलं. (संडासाचं वर्णन करत नाही.) नऊच्या सुमारास खालच्या वाडीतल्या बायका टोपभर भात आणि कुळथाचं पिठलं घेऊन चढ चढून आल्या, म्हणून निभावलं.

गाडी थांबवली याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, थांबवायलाच हवी होती. पण जिल्ह्याला रेड अलर्ट आदल्या दुपारीच लागला होता. मग सोडली कशाला?

२०१९ ची महालक्ष्मी एक्सप्रेस आठवा. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून निघाली आणि बदलापूर–वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. सुमारे १०५० माणसं, त्यांत गरोदर बाया. एनडीआरएफच्या बोटी, नौदल, हेलिकॉप्टर सगळं आलं, तरी शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण–कामथे दरम्यान वाशिष्ठी पुलापर्यंत चढली तेव्हा जागोजाग गाड्या थांबवाव्या लागल्या, सहा हजारांच्या आसपास प्रवासी वाटेत.

माझं म्हणणं सरळ आहे. मार्गातल्या जिल्ह्याला रेड अलर्ट असेल तर रात्रीच्या लांबच्या गाड्या दुपारी चारलाच रद्द करा. लोक चिडतील, पण आपापल्या घरात बसून चिडतील.

कुडाळचो

जुलैत कोकणात अलर्ट नसलेले दिवस मोजायला एक हात पुरतो. तुमच्या हिशेबाने आम्ही जूनमध्ये मुंबईला कुलूप लावायचं आणि दसऱ्याला उघडायचं.

आणि गाडी रद्द झाली म्हणून चाकरमानी घरी बसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? तो रात्री नऊला खासगी बसवाल्याला दुप्पट पैसे मोजील आणि हायवेला लागेल. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र विसरलात? महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल वाहून गेला आणि दोन एसट्या माणसांसकट नदीत गेल्या. रुळांवर निदान पावसात कोणीतरी बॅटरी घेऊन चालत असतो. त्या पुलावर त्या रात्री कोण होतं?

गणपतीक घराक पोचाक व्हया, बाकीचा मागसून बघू.

पागोळी

म्हणजे रस्ता वाईट, म्हणून गाडीत अडकायचं? हे कसलं समर्थन?

कुडाळचो

समर्थन नाय हो, नाइलाज.

फिशप्लेट

वडील ट्रॅकमन होते, रुळांची देखभाल करणारे, घाटातले. त्यामुळे थोडा लांब लिहितो, आधीच माफी.

‘गाडी अडकली’ हा शब्द आमच्या घरात चालत नसे. गाडी ‘धरली’ म्हणायचे. पाण्याखाली गेलेल्या रुळावर गाडी का नेत नाहीत? रूळ दिसतात, पण त्यांच्याखालची खडी जागेवर आहे की वाहून गेली, ते चालकाला वरून दिसत नाही. भराव खचला असेल तर रूळ नुसते दोरीसारखे लोंबत असतात. पाणी उतरलं तरी माणूस चालत जाऊन तपासतो, मग पहिली गाडी बैलगाडीच्या चालीने सोडतात. यात वेळ जातो, आणि जायलाच हवा.

कोकण रेल्वेने हे फार मोठी किंमत मोजून शिकलंय. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवारहून येणारी सुट्टीची विशेष गाडी दरडीवर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेसचा अपघात. त्यानंतर कटिंगचे (डोंगर कापून काढलेल्या वाटेचे) उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या, आणि पावसाळी वेळापत्रकातला कमी वेग अंगवळणी पडला. आज पावसाळ्यात वीर ते कणकवली ताशी ७५ च्या आत, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की ४०. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन नद्यांच्या पुलांवर पूर सांगणारी यंत्रं आहेत, स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत, मोठ्या पुलांवर वारा मोजतात. वर सहाशेहून जास्त माणसं पावसाळाभर रूळ तुडवतात.

तेव्हा तुमच्या वडिलांचे हाल झाले त्याचं वाईट वाटतंच, पण ते दहा तास मी अपयश धरत नाही. यंत्रणेने तेच करायचं असतं.

आता रेड अलर्ट. तो लागतो जिल्ह्याला आणि अख्ख्या दिवसाला. २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याची शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलाय. पाऊस दापोलीत कोसळला आणि लांज्यात नुसती भुरभुर, असं दर वर्षी होतं. १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटीच्या बोगद्याच्या तोंडाशी माती आली आणि वाहतूक जवळजवळ दिवसभर बंद पडली. ती जागा आदल्या दुपारी कोणता अलर्ट सांगणार होता? तिथे उपयोगी पडतो तो कटिंगवर उभा असलेला माणूस.

दुपारची झोप

फिशप्लेट, प्रतिसाद आवडला, पण दहा तास उपाशी बसलेल्याला ‘यंत्रणा यशस्वी’ सांगायला जाताना हेल्मेट घालून जा.

राजाराम बंधारा

काय राव, सगळा देश म्हणजे कोकणच झाला की!

आमची पंचगंगा सांगून येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. शाळेतल्या पोराला बी पाठ. पाणी इंचाइंचानं चढतंय, दोन-दोन दिवस चढतंय. २०१९ च्या ऑगस्टात रुकडीच्या पुलापाशी पाणी आलं आणि मिरज–कोल्हापूर लाईन बंद झाली, तिकडं शिरोलीला हायवेवर पाणी, कोल्हापूर म्हणजे बेट. पण ते एका रात्रीत नाही झालं. अशा ठिकाणी गाडी आधी रद्द करता येती, मिरजेतच थांबवता येती, लोकांना दोन दिवस आधी सांगता येतं.

वाशिष्ठी, सावित्री तसल्या न्हाईत. घाटात रात्री कोसळला की सकाळी बाजारपेठेत. म्हणून पागोळींचा नियम आमच्याकडं चालंल, तुमच्याकडं न्हाई. नियम अलर्टच्या रंगावर नको, नदी बघून करा.

वाशिष्ठीकाठ

हा पहिला शहाणा प्रतिसाद. आमच्या नदीचं नाव निघालंय म्हणून तरी बोललंच पाहिजे.

त्या २२ जुलैला मी घराच्या वरच्या मजल्यावर होतो. खालचा मजला नदीत. भरती किती, कोळकेवाडी धरणाचं पाणी किती, पात्रातला गाळ किती, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात, त्यात शिरत नाही. रेल्वेच्या बाबतीत दोन्ही बाजूंना एकच विचारतो. गाडी चिपळुणात धरली, ठीक. पण धरून प्रवाशाला द्यायचं कोणाच्या हवाली? गावातली दुकानं पाण्याखाली, हॉटेलं पाण्याखाली. एसटी आगारात कर्मचारी रोकड घेऊन बसच्या टपावर बसले होते, ते फोटो आठवत असतील. पागोळींना वाडीतल्या बायकांनी पिठलं-भात दिला कारण वाडी डोंगरावर होती. आमच्याकडे त्या दिवशी द्यायला चूल पेटलेली नव्हती.

फिशप्लेट म्हणतात गाडी धरणं बरोबर. मान्य. पण कुठे धरायची, हे आधी ठरलेलं असावं. पनवेल, रत्नागिरी, कणकवली, मडगाव. जिथे फलाट पुरतो, पाणी भरता येतं, दवाखाना आणि गाव शाबूत असतं. घाटात पाऊस वाढला की गाडी तिथून पुढे सोडूच नका. रद्द नको आणि जंगलात उभीही नको.

फिशप्लेट

बोलायला सोपं आहे. रोहा ते वीर दुहेरी झालं २०२१ मध्ये, पुढचा बराचसा मार्ग अजून एकेरी. रत्नागिरीत चार गाड्या धरल्या की पाचवी उभी करायला लाईन नाही, मग ती मागच्या छोट्या स्टेशनात, आणि सहावी त्याच्या मागे. पागोळींच्या गाडीचं बहुधा तेच झालं असणार. शिवाय इकडून गेलेला रेकच (डब्यांची अख्खी माळ) पुष्कळदा तिकडून परतीची गाडी म्हणून सुटतो. आज मुंबईची गाडी रद्द केली की उद्या तिकडचे प्रवासी फलाटावर बसून.

कोणी ‘दुसऱ्या मार्गाने वळवा’ म्हणायच्या आत सांगतो. २०२१ च्या त्याच पुरात मंगळूरहून मुंबईला येणारी गाडी कोकणचा मार्ग बंद म्हणून मडगाव–लोंढा–मिरज अशी वळवली होती. २३ जुलैला दूधसागरच्या घाटात तिच्यावर दरड आली आणि इंजिन-डबा घसरला. नशीब की माणसं वाचली. सह्याद्रीला वळसा घालायला गेलं तरी वाट सह्याद्रीतूनच जाते.

वाशिष्ठीकाठ

म्हणजे दुपदरीकरण हवं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. धन्यवाद.

फिशप्लेट

हवंच. पण दुसरी लाईन त्याच कटिंगमधून, त्याच मातीतून जाणार. दरड दोन्हीवर पडेल. माझ्या हाती पैसे दिले तर मी आधी उतार, गटारं आणि ट्रॅकमनच्या झोपड्यांवर लावीन. मतभेद असू द्या.

हिशेबी

तात्त्विक चर्चा चालू द्या, मी पैशाचं सांगतो, कारण दर वर्षी अर्धे लोक पैसे सोडून देतात.

रेल्वेने गाडी पूर्ण रद्द केली तर ई-तिकिटाचं भाडं आपोआप परत येतं, काही भरायला लागत नाही. खिडकीवरचं तिकीट असेल तर मात्र खिडकीवरच जावं लागतं, त्याला तीन दिवसांची मुदत. तीन तासांच्या वर उशीर असेल आणि जायचंच नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरा. मार्ग बदलला आणि तो तुम्हाला नको असेल, तरी टीडीआर. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बातम्या बघून घाबरून आदल्या दिवशी स्वतःच तिकीट रद्द करणं. तुम्ही रद्द केलंत की पैसे कापले जातात, मग संध्याकाळी त्यांनी गाडी रद्द केली तरी काय उपयोग.

पागोळी, विमानाशी तुलना कराल म्हणून आधीच सांगतो. विमानात सगळ्यांचा फोन नंबर कंपनीकडे असतो. जनरल डब्यातल्या माणसाच्या तिकिटावर पीएनआर नसतो, त्याला कोण मेसेज करणार? तुमची ‘दुपारी चारला रद्द’ची घोषणा त्याला फलाटावर आल्यावरच कळणार, पोतं आणि पोरं घेऊन. त्याच्यासाठी तुमच्या योजनेत काय आहे?

पागोळी

जनरल डब्याचा विचार मी केला नव्हता. खरंच नव्हता.

बाकी बऱ्याच गोष्टी पटल्या, पण मूळ मुद्दा सोडत नाही. दिवसा गाडी थांबली तर माणूस खाली उतरू शकतो, गाव दिसतं, कोणाला तरी हाक मारता येते. रात्री दोनला काळोखात, खाली ओहोळ वाहतोय की खड्डा आहे तेही कळत नाही, अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला घेऊन डब्यात बसणं वेगळं. फिशप्लेट, तुमचे वडील बाहेर पावसात होते, माझे आत होते. दोघांना रात्र सारखी गेली नसणार, तरी दोघांचीही रात्र होती. म्हणून म्हणतो, सगळ्या गाड्या रद्द नकोत, पण वाशिष्ठी-सावित्रीच्या टापूत रेड अलर्ट असेल तर रात्री बारा ते पाच हा तुकडा टाळा. वेळापत्रक तेवढे दिवस दिवसावर आणा.

कुडाळचो

सगळ्या गाड्या दिवसाच? एकेरी लाईनवर? फिशप्लेट, ह्येंका तुमीच समजावा.

फिशप्लेट

मी थकलो. पण रात्रीचा मुद्दा चुकीचा आहे असं म्हणवत नाही. वडीलही म्हणायचे, दरड दिवसा आली की आवाजाआधी माती हललेली दिसते. रात्री फक्त आवाज.

राजाराम बंधारा

महालक्ष्मीवाल्या लोकांचं पुढं काय झालं ते कुणी लिहिलं न्हाई. बोटीतनं काढल्यावर कल्याणहून खास गाडी दिली, मनमाड–दौंड करत कोल्हापूरला आली. काही लोक तिच्यात परत बसले की! ह्येच्यावर पागोळींचं काय म्हणणं?

पागोळी

म्हणणं काय, सलाम.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. वडील या वर्षी गावीच आहेत, पण परतीला ते सोबत असतील. रात्रीच्या गाडीचं जातानाचं तिकीट रद्द करतो, दिवसाच्या गाडीला तत्काळमध्ये प्रयत्न करीन, नाही मिळालं तर दोन दिवस आधी मिळेल तसा निघेन. हिशेबी, कापले जाऊ देत पैसे.

कुडाळचो

नक्की रद्द करतास मां? त्याच गाडयेचा माजा वेटिंग १४ आसा.