पंपवाले मिस्त्री येत नाहीत (सोसायटी ग्रुप)

ए-५०३: नमस्कार. आज दुसरा दिवस, नळाला थेंब नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी काय करायचं? मिस्त्रींना कुणी फोन केला का?

सेक्रेटरी: पाच वेळा केला ताई. शेवटी उचलला आणि "दुसरा माणूस बघा" म्हणाले.

बी-२०१: भाव खातात हे लोक. आपली अडचण बरोबर कळते त्यांना.

ए-३०२ काका: तीन ठिकाणचं कोटेशन मागवा. मी मागेच म्हटलं होतं.

बी-७०१: भाव खात नाहीयेत. गेल्या महिन्यातला रविवार आठवा. रात्री ११ पर्यंत ते पंपाशी होते. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बघायला सात मजले जिन्याने, हत्यारांच्या पिशवीसकट, दोन वेळा चढले. का? लिफ्टपाशी आपला बोर्ड आहे, 'कामगारांनी जिना वापरावा'.

बी-२०१: तो बोर्ड फर्निचर आणि सिमेंटच्या गोण्यांसाठी आहे हो.

बी-७०१: बोर्डावर गोणी लिहिलेलं नाही, कामगार लिहिलंय. साठीला आलेला माणूस आहे तो.

सी-१०४: 😄 वॉचमनने मलाही एकदा अडवलं होतं, बर्म्युडा घातली होती म्हणून.

ए-५०३: जोक नंतर करा प्लीज. इथे बादली रिकामी आहे.

ए-३०२ काका: तीन कोटेशन.

सेक्रेटरी: टँकर ११ वाजता येतोय. गेटसमोरची पांढरी गाडी कृपया काढावी.

बी-७०१: बिलाचंही बोलूया. २,४०० चं बिल होतं. कमिटीने "एवढं कशाला" म्हणून ६०० कापले आणि उरलेले तीन आठवड्यांनी दिले. डॉक्टरांची फी कापतो का आपण?

खजिनदार: वैयक्तिक आरोप नकोत. सोसायटीचा पैसा आहे, जपून खर्च करावा लागतो. दोन तासांचं काम होतं.

बी-७०१: दोन तास हातांचे. मागच्या वर्षी सर्व्हिसवाले मोटर बदला म्हणत होते, ४८,००० चा अंदाज दिला होता. मिस्त्रींनी नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, एक फेज जातोय. स्टार्टर उघडून दाखवला, काँटॅक्ट जळलेला होता. तशीच चालू ठेवली असती तर वाइंडिंग गेलं असतं. तो कान किती वर्षांत तयार झाला असेल, याचा हिशेब कोणत्या रजिस्टरला आहे?

बी-२०१: अनुभव मान्य. पण शेवटी आयटीआयच ना. दहावीला कमी पडले की जातात तिकडे.

सी-४०१: मी सहसा ग्रुपवर लिहीत नाही. माझा मुलगा औंधच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन करतोय, दोन वर्षांचा कोर्स. दहावीला ८१ टक्के होते. त्याने स्वतः निवडलं. खाली कुणी विचारलं की मीच "डिप्लोमा करतोय" सांगत आले. काल त्याने ते ऐकलं. रात्री जेवला नाही.

ए-५०३: ताई 🙏

बी-२०१: सॉरी ताई. तुमच्याबद्दल नव्हतं.

सी-४०१: माझ्याबद्दलच होतं हो. पण ठीक आहे.

बी-६०२: माझी मुलगी स्टुटगार्टला असते. तिथे माइस्टर, म्हणजे कारागिरीतली वरची परीक्षा पास झालेल्या इलेक्ट्रिशियनची पात्रता पदवीच्या पातळीची धरतात. त्याच राज्याशी, बाडेन-वुर्टेम्बर्गशी, महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये करार केला, इथले इलेक्ट्रिशियन, प्लंबर तिकडे पाठवायला. त्यांना आपली मुलं हवी आहेत आणि आपण जिना दाखवतोय.

चेअरमन: लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावात सायकलच्या दुकानातून झाली. किर्लोस्करवाडी १९१० ची, त्याआधी हात काळे झालेले होते. माझे वडील त्या भागातले, लेथवर काम करायचे. घरी आले की रॉकेलने हात धुवायचे. शाळेच्या फॉर्मवर मी त्यांचा व्यवसाय 'नोकरी' लिहायचो. आज इथे सांगतोय, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ए-३०२ काका: चेअरमनसाहेब, भावना ठीक. पण नियमाप्रमाणे तीन कोटेशन.

बी-७०१: काका, टाकी कोटेशनने भरत नाही.

ए-३०२ काका: माझं वय ७४ आहे. जरा जपून बोला.

चेअरमन: पुरे. बोर्ड आज उतरतोय, मी स्वतः काढतो. खजिनदार, ६०० आत्ता पाठवा. मी आणि सेक्रेटरी मिस्त्रींच्या घरी जातो. फोनवर नको.

खजिनदार: पाठवले. 📷

सेक्रेटरी (दुपारी १:४०): मिस्त्री आलेत. लिफ्टनेच गच्चीवर गेले. फ्लोट अडकला होता, तो सोडवला. पंपाचं सीलही गळतंय, बदलायला घेतलंय. तासाभरात पाणी चढेल.

ए-५०३: देव भलं करो. चहा मी पाठवते. किती जण आहेत?

सेक्रेटरी: मिस्त्री आणि एक मुलगा, सी-४०१ चा. विचारून आलाय, काम बघायला.

सी-४०१: हो. जेवण अर्धवट टाकून गेलाय खाली.

ए-३०२ काका: मिस्त्रींना वेळ असेल तर आमच्या बाथरूमचा नळ बघतील का? दोन महिने ठिबकतोय.

बी-७०१: खाली जाऊन त्यांनाच विचारा काका.