दुपारी चारला सगळ्यांनी हॉलमध्ये यायलाच हवं का?

धाकटी लेक
आई ज्या वृद्धनिवासात राहते तिथे नवा नियम आलाय. दुपारी चार ते साडेपाच प्रत्येकाने हॉलमध्ये यायचं. गाणी, कोडी, फुगा झेलण्याचे खेळ, कधी कुणाचं व्याख्यान. न येणाऱ्याच्या नावापुढे वहीत फुली पडते आणि महिनाअखेर ती घरच्यांना कळवतात. आईचं सगळं आयुष्य पुस्तकं आणि मोजकी माणसं यांत गेलं. ऐंशी ओलांडल्यावर तिने आता टाळ्या वाजवत फुगा का झेलायचा?

माझं मत: ही हजेरी बंद व्हावी. माणसं एका जागी बसवली म्हणून त्यांना सोबत मिळत नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये तुरुंग, बराकी, मनोरुग्णालयं यांच्यात काय सारखं असतं ते मांडलं: झोपणं, काम, करमणूक सगळं एकाच छपराखाली, सगळ्यांनी मिळून, वरून आलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. त्या यादीत वृद्धांची निवासंही होती.

शिवाय लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा १९७६ चा प्रयोग आहेच. अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा. रोप हवं का, कुठलं हवं ते निवडा, पाणी तुम्हीच घाला, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात दिलं आणि पाणी नर्सने घातलं. तीन आठवड्यांनी पहिला गट जास्त तरतरीत आणि जास्त मिसळणारा दिसला. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटातले ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यातले ४४ पैकी १३.

खाते शंकासुर
हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, पण पुढचं कुणी सांगत नाही. मृत्यूंच्या तुलनेतलं गणित चुकलं होतं आणि त्याची दुरुस्ती १९७८ मध्ये छापली गेली. दुरुस्तीनंतर तो फरक काठावरचा ठरला. शिवाय वेगवेगळी वागणूक मजल्यांना दिली होती, सुट्या सुट्या माणसांना नव्हे. एका मजल्यावरची नर्स जरा हसतमुख असली तरी निकाल हलतो.

आणि १९७६ चाच रिचर्ड शुल्झ यांचा प्रयोग तुमच्या उलट जातो. विद्यार्थी वृद्धांना भेटायला जात. काहींना भेट कधी आणि किती वेळ ते ठरवता येत होतं, काहींना नुसतं आधी कळवलं जायचं, काहींकडे विद्यार्थी अवचित जायचे, काहींकडे कुणीच नाही. पहिले दोन्ही गट सारखेच सुधारले! म्हणजे निवड हातात असो वा नसो, कुणी कधी येणार हे माहीत असणं पुरलं. मग रोज चारला काहीतरी ठरलेलं असणं इतकं वाईट कसं?

धाकटी लेक
ठरलेलं असू दे की. फुली कशाला?

व्यवस्थापन बघणारा
फुली कशाला ते मी सांगतो, मीही असंच एक निवास चालवतो. वही घरच्यांमुळे सुरू होते. "बाबा दिवसभर खोलीतच असतात, तुम्ही लोक करता काय?" असा फोन आला की आमच्याकडे दाखवायला कागद लागतो. बाबांना बोलावलं होतं, ते नाही म्हणाले, हे नुसतं तोंडी सांगून कुणाला पटत नाही. तपासणीला येणारेही कार्यक्रमांची नोंद मागतात. शांतपणे खिडकीशी वाचत बसलेल्या बाईची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते कुणी सांगत नाही.

आणि एक बोचरी गोष्ट. कार्यक्रम बंद केला तर पहिली तक्रार लेकी-सुनांचीच येते, निवासींची नाही.

रात्रपाळी
मी काळजीवाहक आहे. सगळे इतकं सभ्य बोलताय, म्हणून मी उघड बोलते. चारचा कार्यक्रम हा करमणुकीसाठी कमी आणि पाळी बदलण्यासाठी जास्त असतो. दिवसपाळीवाल्या मावशी निघायच्या घाईत, संध्याकाळच्या अजून डबे ठेवतायत, त्यात खोल्या पुसायच्या, चादरी बदलायच्या. त्या दीड तासात सगळे हॉलमध्ये असले तर एक जण वीस जणांवर नजर ठेवू शकते. पाच जण पाच खोल्यांत राहिले तर पाच दारं. आणि माणसं पडतात ती बहुधा हॉलमध्ये नाही; पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या चार पावलांत पडतात.

दुसरं. "नको" म्हणणाऱ्या प्रत्येकाला खरंच नको असतं असं नाही. पुष्कळांना भीती असते की मधेच लघवीला लागली आणि वेळेत उठता आलं नाही तर सगळ्यांसमोर कपडे खराब होतील. काही जण त्यासाठी दुपारपासून पाणी पिणं सोडतात, मग संध्याकाळी चक्कर, डोकं भ्रमिष्टासारखं. अशा माणसाला दाराजवळची खुर्ची द्यायची आणि कार्यक्रमाआधी गुपचूप विचारून बाथरूमला नेऊन आणायचं. मग ती स्वतःहून येते. तुमच्या आईचं यातलं काही आहे का ते आधी बघा. स्वभाव एकलकोंडा आहे असं लेकीला वाटतं, आणि कारण असतं भलतंच.

थोरला मुलगा
स्वातंत्र्य, निवड, गॉफमन. एवढी काळजी होती तर आईला घरी ठेवायचं.

धाकटी लेक
दादा, आईला रात्री दोनदा उठवून कूस बदलावी लागते आणि मी एकटी आहे. पुढे बोलू नका.

रात्रपाळी ताई, पाण्याचं मी विचारीन, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण आईची अडचण ऐकण्याचीही आहे. श्रवणयंत्र हॉलमधल्या खुर्च्यांचा आवाज, पंखा, गाणं, शेजारणीची कुजबुज, सगळंच मोठं करून कानात ओततं. ती तिथे बसून फक्त मान डोलावते. खोलीत एका माणसाशी ती तासभर बोलेल.

निवासी, पहिला मजला
इथे इतका वेळ आमच्याविषयी बोलणं चाललंय म्हणून आतला एक माणूस बोलतो.

आमची खरी सभा चारला भरत नाही. ती भरते जेवणघराबाहेर, दार उघडायच्या अर्धा तास आधी. भूक कुणालाच नसते, पण सगळे वॉकर सरकवत लवकर येतात, कारण तिथे कोण आलं, कोणाला रात्री खोकला होता, कुणाचा मुलगा येऊन गेला ते कळतं. औषधांची ट्रॉली फिरते तेव्हा दुसरी. लिफ्टसमोरच्या तीन खुर्च्यांवर तिसरी, आणि त्या खुर्च्या कोणाच्या यावर आमच्यात जे राजकारण चालतं ते बाहेरच्यांना झेपणार नाही. वर्तमानपत्राची मधली पानं आधी कुणी घेतली यावरून दोन गृहस्थ एकमेकांशी बोलत नाहीत. तरी त्यातला एक आजारी पडला की दुसरा दारात येऊन उभा राहतो. आत येत नाही, पण येतो. याची फुली-बरोबर कोण लावणार?

आता मी लेकीच्या बाजूचा आहे असं समजू नका. सगळ्यांनी जमायलाच हवं अशी एक वेळ आहे आणि नेमकी तेव्हा आम्हाला कुणी जमवत नाही. एखादा गेला की त्या मजल्यावरची दारं लावून घेतात, मागच्या लिफ्टने नेतात, आणि दोन दिवसांत पाटीवर दुसरं नाव. विचारलं तर म्हणतात, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. अहो, शेजारची खुर्ची रिकामी झालेली आम्हाला दिसते! त्या दिवशी चारला हॉलमध्ये बोलवा, गेलेल्याबद्दल ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या. मी वॉकर टाकून येईन.

आणि बाई, आईंना तुम्ही विचारलंत का की ही वही त्यांना खुपते का?

धाकटी लेक
विचारलं. म्हणाली, "तक्रार करू नकोस, त्या मुलींना बोलणी बसतात." ती त्या मुलींसाठी फुगा झेलते.

रात्रपाळी
हे वाचून मला कसंतरी झालं. पण खोटं नाही. माझ्या मनाविरुद्ध नको म्हणायला अनेक जण घाबरतात, कारण रात्री घंटा वाजवल्यावर मीच येणार असते.

खाते शंकासुर
शुल्झ यांचा उरलेला भाग सांगायचा राहिला, आणि तो माझ्याही विरुद्ध जातो. प्रयोग संपल्यावर विद्यार्थ्यांच्या भेटी थांबल्या. पुढे पाहणी केली तर ज्यांना सर्वांत जास्त फायदा झाला होता त्या गटांची तब्येत जास्त घसरलेली निघाली. एखाद्या दिवशी गठ्ठ्याने येऊन नाच-गाणी करून फोटो काढून जाणाऱ्या पाहुण्यांबद्दल माझं मत त्यामुळे फार कडवट आहे. नियमित यायचं नसेल तर येऊ नये.

नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर इथल्या ह्युमॅनिटास निवासात निराळा मार्ग काढला. विद्यार्थ्यांना तिथेच फुकट राहायला खोली, बदल्यात महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून वागायचं. ते तिथेच राहतात, म्हणून लिफ्टसमोरच्या त्या तीन खुर्च्यांशीही त्यांची गाठ पडते.

व्यवस्थापन बघणारा
छान वाटतं ऐकायला. रिकामी खोली असेल तर. आमच्याकडे प्रतीक्षायादी आहे.

वहीपुरतं सांगतो. घरच्यांना पाठवणं थांबवता येईल. गेलेल्याविषयी सगळ्यांना सांगायचं हे मात्र मला अवघड वाटतं. स्मृतिभ्रंश असलेल्या आजींना एकच मृत्यू रोज नव्याने कळतो, आणि त्या रोज नव्याने रडतात. निर्णय निवासींच्या समितीवर सोडावा म्हटलं, तर समितीत बोलके तेच येतात. बोलक्यांना कार्यक्रम हवेच असतात.

निवासी, पहिला मजला
मग समितीत न बोलणाऱ्यांच्या दोन जागा ठेवा, आणि त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जाऊन बसा. दारावर टकटक करून. विसरणाऱ्यांच्या नावाने लक्षात ठेवणाऱ्यांना अंधारात ठेवू नका, एवढंच माझं.

रात्रपाळी
समिती करा, वही फाडा, माझी ना नाही. पण ज्यांना खोलीत राहायचंय त्यांच्यासाठी त्या दीड तासात दोन माणसं वाढवा, आणि ती चादरी बदलणारी नकोत, बसून बोलणारी हवीत. ती मिळेपर्यंत मी हॉलच्याच बाजूने. पडलेल्या माणसाला उचलायला मीच असते, निवडीविषयी लिहिणारे नसतात.