मोकळी कुत्री आणि परसातील कोंबड्या: कुंपण घालण्याची जबाबदारी कोणाची?

परसदार:
ज्याचा प्राणी दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व एरवी सर्वांना मान्य असते. शेजाऱ्याच्या कुत्र्याने कोंबडी मारली की मात्र चर्चा लगेच खुराड्याच्या कडीकडे वळते. कडी नीट लावली होती का, जाळी कुठे फाटली होती का, कोंबड्या संध्याकाळपर्यंत बाहेर का होत्या, असे सगळे विचारले जाते. कुत्रे सुटे का होते, एवढेच कोणी विचारत नाही. माझे मत स्पष्ट आहे. कोंबडी स्वतःच्या मालकाच्या परसात असेल, तर खुराडे कितीही तकलादू असो, दोष संपूर्णपणे कुत्र्याच्या मालकाचा आहे.

नुकसानीचा अंदाजही नेहमी चुकीचा बांधला जातो. खुराड्यात शिरलेले कुत्रे सहसा एका कोंबडीवर थांबत नाही. भक्ष्याला पळायला वाट नसली की शिकारी प्राणी गरजेपेक्षा कितीतरी अधिक जीव मारतात, हे हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सविस्तर मांडले होते. बंद खुराड्यातील फडफड हे त्याचेच घरगुती रूप आहे. अंगावर ओरखडाही नसलेल्या काही कोंबड्या धसक्याने मरतात, काही कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरतात, आणि ज्या वाचतात त्या कित्येक दिवस अंडी देत नाहीत. पिलू वाढवून अंड्यावर यायला साधारण पाच महिने लागतात. नवी कोंबडी आणून सोडली तरी जुन्या कळपात चोचींची उतरंड, म्हणजे कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम, नव्याने ठरेपर्यंत मारामाऱ्या चालूच राहतात. अशा वेळी 'कोंबडीची किंमत घ्या आणि विषय संपवा' असे म्हणणारा माणूस नुकसानाचा सर्वांत लहान भाग तेवढा भरून द्यायला निघालेला असतो.

वाफेकरी:
आपल्या म्हणण्यातील 'कोंबडी स्वतःच्या परसात असेल' ही अट फार सोयीची आहे, कारण मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या स्वतःच्या परसात राहतात हे गृहीतकच मुळात डळमळीत आहे. हलक्या अंगाची कोंबडी माणसाच्या छातीइतके कुंपण सहज ओलांडते. पलीकडे नुकतेच पाणी दिलेले भुसभुशीत वाफे दिसले की ती तिथेच उकरणार, तिथेच धूळस्नान करणार, आणि आठवड्यापूर्वी लावलेली रोपे मुळांसकट वर काढणार. एका पंखाची उड्डाणपिसे कापली तर तोल न साधल्यामुळे तिला उंच उडता येत नाही, त्यात तिला वेदनाही होत नाही. परंतु पिसे झडून नवी आल्यावर ती पुन्हा कापावी लागतात, आणि इतका त्रास किती मालक घेतात? शेजाऱ्याने तक्रार केली की 'कोंबडीच ती, तिला काय कळते' असे हसून उत्तर दिले जाते. हेच वाक्य कुत्र्याबद्दल उच्चारले तर ते बेजबाबदारपणाचे ठरते.

दुसरे असे की, भक्ष्य होऊ शकणारा प्राणी पाळणाऱ्याने त्याच्या संरक्षणाची किमान तजवीज केलीच पाहिजे. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरतीच असते. मध्यम आकाराचे कुत्रे ती दातांनी आणि पंजांनी उचकटते. कोल्ह्याला मालक नसतो, त्यामुळे तिथे दोषारोपाचा प्रश्नच येत नाही, आणि तेव्हा हेच मालक मुकाट्याने जाड वेल्डेड जाळी आणतात, तिची पट्टी खुराड्याभोवती जमिनीवर बाहेरच्या बाजूला पसरून पुरतात, म्हणजे उकरणाऱ्या प्राण्याचे पंजे त्या जाळीवरच अडतात. कोल्ह्यासाठी जी काळजी घेता येते ती कुत्र्याच्या वेळी अन्याय्य अपेक्षा कशी ठरते, हे मला समजलेले नाही.

जुनेकागद:
दोन्ही बाजू 'तत्त्व' म्हणून जे मांडत आहेत त्यावर न्यायशास्त्रात फार पूर्वीपासून विचार झालेला आहे. इसवीसनपूर्व सुमारे ४५० च्या रोमन बारा कोष्टकांनुसार, म्हणजे रोमच्या सुरुवातीच्या लिखित कायद्यानुसार, चतुष्पाद प्राण्याने नुकसान केले तर मालकाने भरपाई द्यावी किंवा तो प्राणीच नुकसान झालेल्याच्या स्वाधीन करावा, असा नियम होता. (कोंबडीला दोनच पाय असल्यामुळे ती या नियमातून सुटली असती, पुढील विधिज्ञांनी मात्र इतर प्राण्यांसाठीही तशाच दाव्याची वाट मोकळी केली.) क्विंटस म्युकियस या विधिज्ञाने केलेला भेद या चर्चेला अधिक जवळचा आहे. दोन एडके किंवा बैल झुंजले आणि एक मेला, तर आधी चाल करून गेलेला मेला असल्यास दावा नाही. ज्याने कुरापत काढली नव्हती तो मेला असल्यास दावा चालेल.

आधुनिक कायद्यातील एक नमुना म्हणून इंग्लंडचा १९७१ चा प्राणीविषयक कायदा पाहावा, कारण त्यात कोंबड्यांचा समावेश पशुधनात केलेला आहे. कुत्र्याने पशुधन मारले किंवा जखमी केले तर कुत्रे पाळणारा उत्तरदायी असतो. कुत्र्याचा स्वभाव त्याला आधी ठाऊक होता की नव्हता, हे तिथे पाहिले जात नाही. मात्र भरकटत गेलेले पशुधन दुसऱ्याच्या जमिनीत मारले गेले आणि कुत्रे त्या जमिनीच्या वहिवाटदाराचेच असेल, तर हे उत्तरदायित्व उरत नाही. उलट बाजूने, भरकटलेल्या कोंबड्यांनी शेजाऱ्याचे वाफे उकरले तर कोंबड्या पाळणारा उत्तरदायी होतो, आणि 'तुम्ही कुंपण घातले असते तर हे टळले असते' एवढ्याच कारणावरून शेजाऱ्याला दोष देता येत नाही. म्हणजे परसदार यांची अट आणि वाफेकरी यांची तक्रार, दोन्हींना त्या कायद्यात जागा आहे. 'मजबूत खुराडे बांधायला हवे होते' या युक्तिवादाला मात्र मला तिथे फारसा आधार दिसत नाही.

कुत्र्याला स्वतःच मारून टाकण्याची भाषा अशा वादात हमखास येते, म्हणून तेही सांगतो. त्याच कायद्यात अशा माणसाला बचाव उपलब्ध आहे, परंतु तो पशुधन राखण्यासाठी आणि हल्ला चालू असताना किंवा होण्याच्या बेतात असताना, दुसरा वाजवी उपाय नसेल तरच. किंवा हल्ला करून कुत्रे अजून जवळपास असेल, कोणाच्या ताब्यात नसेल आणि त्याचा मालक शोधण्याचा व्यवहार्य मार्ग नसेल तर. शिवाय ४८ तासांच्या आत पोलिसांना कळवावे लागते. मालक कोण हे ठाऊक असताना दुसऱ्या दिवशी काढलेला सूड त्यात बसत नाही, आणि विष घातलेले खाद्य तर कुठल्याच सभ्य नियमात बसणार नाही, कारण ते कोण खाईल यावर घालणाऱ्याचा काही ताबा नसतो.

परसदार:
वाफ्यांच्या नुकसानीची भरपाई कोंबड्यांच्या मालकाने द्यावी हे मला पूर्णपणे मान्य आहे, तो माझ्याच तत्त्वाचा भाग आहे. मात्र कोल्ह्याचा दाखला मला पटत नाही. कोल्ह्याला दोरी बांधणारा कोणी नसतो म्हणून मी जाळी लावतो. कुत्र्याला दोरी बांधणारा माणूस शेजारीच राहत असताना त्याचे काम माझ्या जाळीने का करावे? शिवाय उपटलेले रोप पुन्हा लावता येते. एका अपराधात जीव जातो आणि दुसऱ्यात पालेभाजी, हा फरक तराजूत कुठेतरी धरावा लागेल.

उत्तररात्र:
येथे सर्व जण कोंबड्यांबद्दलच बोलत आहेत, म्हणून नराची, म्हणजे आरवणाऱ्या कोंबड्याची, नोंद करतो. तो उजेड पाहून आरवतो असे समजून खुराड्यावर जाड पडदे टाकणाऱ्यांची निराशा होते, कारण त्याचे आरवणे मुख्यतः शरीरातील घड्याळावर चालते. नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली सतत मंद प्रकाशात ठेवलेल्या नर कोंबड्यांवर हे दाखवून दिले. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. तेव्हा दाट वस्तीत तो ठेवण्याचा हट्ट कशासाठी, याचे उत्तर कोंबडीपालकांनी द्यावे.

साखळीमुक्त:
कुत्र्यांना वळण लावण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आणि या विषयावरील माझे मत दोन्ही गटांना गैरसोयीचे वाटेल. 'रक्ताची चटक लागली' असे जे म्हटले जाते ते मूळ कारण नव्हे. न्याहाळणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, चावा ही शिकारीची साखळी बहुतेक कुत्र्यांत कमीअधिक तुटक स्वरूपात शिल्लक असते, आणि त्यातील पाठलाग हेच कुत्र्यासाठी बक्षीस असते. पोट भरलेले असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधून ठेवण्याचा जुना उपाय क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. तासाभराने दिलेल्या माराचा आणि सकाळच्या पाठलागाचा मेळ कुत्र्याला घालता येत नाही. मात्र एकदा असा पाठलाग यशस्वी झाला की तो पुन्हा होणार हे धरूनच चालावे. 'आमचे कुत्रे तसे नाही' हे वाक्य पहिल्या प्रसंगापर्यंत प्रामाणिक असू शकते, त्यानंतर ते खोटे असते.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणे हाही मार्ग नाही, कारण तसे कुत्रे सुटते तेव्हा अधिक अनावर असते. लांब दोरीवर रोजचे फिरणे आणि हाकेसरशी परतण्याचा सराव याला पर्याय नाही, आणि शिकारीची ऊर्मी तीव्र असलेल्या कुत्र्यावर तेवढ्यानेही भरवसा ठेवू नये. कुंपणाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. आरपार दिसणाऱ्या जाळीपलीकडे कोंबड्या दिवसभर हलताना दिसत राहिल्या तर कुत्रे कुंपणालगत येरझारा घालत स्वतःला चेतवत राहते. खालची तीनचार फूट बाजू आडोशाने झाकली तर ते बरेच शांत होते. हा आडोसा कोणी लावायचा, यावर खुशाल भांडावे, पण तो लावावा.

वाफेकरी:
आडोसा सामाईक कुंपणावर लागणार असेल तर खर्चही सामाईक असावा, एवढे तरी परसदार मान्य करतील अशी अपेक्षा आहे.

परसदार:
कोंबड्यांमुळे कुत्रे चेतते म्हणून मी अर्धा खर्च द्यायचा असेल, तर मी तो देणार नाही, कारण मग स्वतःच्या परसात वावरणेही चिथावणी ठरते. आणि म्युकियसच्या भेदात कुरापत काढणारा कोण, हे पुरेसे स्पष्ट आहे. तोच आडोसा माझ्या कोंबड्यांना पलीकडे जाण्यापासूनही रोखत असेल, तर तेवढ्या कामाचा माझा वाटा मी देईन.

वाफेकरी:
तीनचार फुटांचा आडोसा कोंबडी ओलांडून जाते, हे वर लिहिले आहे. पिसे कापण्याचे काय ठरले?