दुखा लोकांची भाषा: गोष्टी रेकॉर्ड केल्या, पुढे काय?

'म्हाताऱ्यांच्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या की भाषा वाचली' हे मत मला अर्धंच पटलं. उत्तर मंगोलियात त्सागाननूर गावाच्या आसपासच्या तैगात, म्हणजे थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात, रेनडिअर पाळणारे दुखा लोक घ्या. जेमतेम काहीशे माणसं, मूळची सीमेपलीकडच्या, आज रशियात असलेल्या तुवा प्रदेशातली, बोलीही तिथल्या तुवान भाषेच्याच कुळातली. १९४४ मध्ये तुवा सोव्हिएत संघात गेला आणि ही मंडळी सीमेच्या या बाजूला, मंगोलियातच राहिली. मुलांची शाळा मंगोलमध्ये, त्यामुळे घरची बोली घरापुरतीच.

आता रेकॉर्डिंगचं बघा. तुवानमध्ये घोडाही 'आत' आणि नावही 'आत'. फरक एवढाच, की घोडा म्हणताना स्वर खालच्या सुरात, घसा जरा आवळून येतो. तुवाच्या रशियन वळणाच्या लिपीत त्याला वेगळी खूणसुद्धा आहे. तंबूबाहेर वारा, हातात मोबाइल, बोलणाऱ्या आजोबांचे दात गेलेले. नंतर ऐकणाऱ्याने काय डोंबल ओळखायचं? म्हणून बोलणारा समोर आहे तोवरच वाक्य परत म्हणवून घ्यायचं आणि तिथल्या तिथे उतरवायचं. कंटाळवाणं आहे, पण खरं काम तेच.

शिवाय गोष्टींत सगळं येत नाही. रेनडिअरला वयाप्रमाणे, नर-मादीप्रमाणे वेगळे शब्द आहेत. ते दूध काढणाऱ्या बाईलाच कळपात उभं राहून विचारावे लागतात.

एलिसाबेत्ता रागान्यिन यांचं दुखा बोलीचं व्याकरण २०११ मध्ये आलंय. पण ते अभ्यासकांसाठी. तिथल्या पोरांच्या हातात काय द्यायचं, यावर इथे कोणी लिहील का?