गोव्याचे लोहखनिज रेल्वेऐवजी नद्यांतून का गेले?

पैलतीर (प्रश्न):
मुरगाव बंदर आणि तेथून कॅसलरॉककडे जाणारी मीटरगेज रेल्वे ही दोन्ही कामे १८८० च्या दशकात एकाच योजनेतून उभी राहिली. असे असूनही दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाची निर्यात सुरू झाली, तेव्हा गोव्यातील खाणींचा बहुतेक माल मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेने, नेला गेला. तयार लोहमार्ग सोडून जलमार्ग का पत्करला गेला असावा? पावसाळ्यात मांडवीतील बार्जेस कुंभारजुवे कालव्याने वळवल्या जात, त्याचे कारणही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खाडीकाठ:
पहिले कारण नकाशातच दिसते. रेल्वे मडगाव, सावर्डे, कुळे या दक्षिणेकडील पट्ट्यातून घाटाकडे जाते. डिचोली आणि सत्तरीतील खाणी मांडवीच्या खोऱ्यात आहेत आणि तेथे रेल्वे कधी पोचलीच नाही. नदी मात्र आमोण्यापर्यंत आणि त्याही वर भरतीच्या पाण्याने भरलेली असते. खाणीतून ट्रकने काही किलोमीटर अंतरावरच्या जेटीपर्यंत माल आणायचा आणि तेथून बार्जमध्ये ओतायचा, यात रूळ, घाट आणि वाघिणींचा खर्च वाचत असे. सावर्डे-कुडचडे भागात रेल्वे आणि जुवारी दोन्ही हाताशी असूनही तेथे जेट्या उभ्या राहिल्या, यावरून हिशेब कोणाच्या बाजूचा होता ते कळते.

दुसरे कारण मालाच्या प्रतीचे आहे आणि माझ्या मते तेच निर्णायक आहे. गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे असून त्यात भुकटीचे, म्हणजे फाईन्सचे, प्रमाण मोठे आहे. असा माल दूरच्या बाजारात खपायचा असेल, तर वाहतुकीचा खर्च किमान असावा लागतो. जपानचे पोलाद कारखाने हे त्याचे प्रमुख ग्राहक होते आणि २००० नंतर चीनची मागणी वाढल्यावर त्याहून हलका मालही विकला जाऊ लागला. नद्या नसत्या, तर यातील बराच माल डोंगरातच राहिला असता.

भरलेली बार्ज नदीच्या उथळ भागातून सुखरूप न्यायची, तर भरतीची वेळ साधावी लागते आणि ओहोटी लागली की प्रवाह आपसूक साथ देतो. बार्जच्या दोन्ही बाजूंना नाळेपाशी (पुढच्या टोकाला), मध्यभागी आणि वरामेपाशी (मागच्या टोकाला) रंगवलेले ड्राफ्टचे आकडे माल भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर वाचले जातात. बार्ज पाण्यात किती बसली यावरून टनांचा हिशेब काढता येतो. शेकडो टनांचा माल काट्यावर न चढवता मोजण्याची ही पद्धत मला फार सुंदर वाटते.

मोठ्या जहाजांना धक्क्यावर पूर्ण भार घेण्याइतकी खोली मिळत नसे, म्हणून ती बाहेर नांगरून ट्रान्सशिपरच्या, म्हणजे बार्जमधील माल उचलून जहाजात भरणाऱ्या नौकेच्या, साहाय्याने उरलेला माल घेत. १९७९ मध्ये मुरगावच्या ९ क्रमांकाच्या धक्क्यावर यांत्रिक खनिज हाताळणी प्रकल्प सुरू झाल्यावर जहाज भरण्याचा वेग एकदम वाढला.

सारंग:
कालव्याविषयी लिहितो. मांडवीच्या मुखाशी आग्वादसमोर वाळूचा दांडा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू झाला की त्या दांड्यावर लाटा फुटू लागतात आणि खोल बसलेल्या बार्जला तेथून जाणे धोक्याचे होते. जुवारीच्या मुखाशी मुरगावच्या भूशिराचा आणि लाटरोधक बांधाचा आडोसा मिळतो. म्हणून पावसाळ्यात मांडवीतील बार्जेस सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत आणि समुद्राला तोंड न देता मुरगाव गाठत. कालवा अरुंद आणि वळणांचा असल्याने समोरून दुसरी बार्ज आली, तर बार्ज हाकणाऱ्या सारंगाचा कस लागत असे. या कालव्यात मगरीही आहेत.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कुंभारजुवे, मांडवी आणि जुवारी यांना अनुक्रमे २७, ६८ आणि १११ हे क्रमांक मिळाले.

खाजन:
वरील माहिती उत्तम आहे, परंतु काठावरच्या लोकांनी दिलेली किंमतही या इतिहासात नोंदली गेली पाहिजे. गोव्यातील खाजन शेती, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतील शेती, मातीच्या बांधांवर आणि मानशीच्या, म्हणजे बांधातील पाण्याच्या वाटेच्या, दारांवर टिकून आहे. भरती चढली की मानशीचे दार आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. भरधाव जाणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी हे बांध खचत आणि एकदा भगदाड पडले की पिकाखालची जमीन खारी होई. वरच्या भागात खाणींवरून वाहून आलेला गाळ शेतांत आणि पात्रात साचला, तो वेगळाच. निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली त्या वर्षांत हा ताण सर्वाधिक होता.

पैलतीर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. खाणी बंद झाल्यावर बार्जेसचे काय झाले?

सारंग:
सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ती २०१४ मध्ये उठली. पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. काम नसलेली बार्ज उभी ठेवणेही परवडत नाही, कारण पोलादी तळ गंजतो आणि खलाशांचा पगार चुकत नाही. त्यामुळे अनेक बार्जेस भंगारात निघाल्या किंवा गोव्याबाहेर विकल्या गेल्या. वास्को येथील गोवा शिपयार्ड १९५७ मध्ये बार्जबांधणीसाठीच सुरू झाले होते आणि ते आता युद्धनौका बांधते. जुवारीकाठच्या लहान गोद्यांना मात्र असे दुसरे काम सहजी मिळाले नाही.