पॅनेलमधला छोटा लिनक्स संगणक: पहिल्यांदा सेट करताना काय काय बघायचं?

मीटरवाचक

नमस्कार मंडळी. मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला माणूस. पीएलसी, ड्राइव्ह, मीटर यांची सवय आहे, लिनक्सची नाही. आता एआरएम प्रोसेसरचा, पंखा नसलेला एक औद्योगिक संगणक हाती आलाय. डीन रेलवर बसतो, २४ व्होल्ट डीसीवर चालतो. दोन लॅन पोर्ट, दोन सिरीयल पोर्ट, आणि झाकणाखाली चार पिनांचा कन्सोल (थेट लॉगिनसाठीचा सिरीयल पोर्ट). आत डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आहे. काम एवढंच की आरएस-४८५ (अनेक उपकरणं एकाच तारजोडीवर जोडणारी सिरीयल लाइन) वरचे बारा एनर्जी मीटर मॉडबसने (उपकरणं वाचायची ठरलेली पद्धत) वाचायचे आणि रीडिंग एमक्यूटीटीने (नेटवर्कवरून छोटे निरोप पाठवायची पद्धत) सर्व्हरला पाठवायचं. पायथनमधला प्रोग्रॅम तयार आहे, टेबलावर चालतोही.

कागदावर लॅन-१ चा पत्ता १९२.१६८.३.१२७ आणि लॅन-२ चा १९२.१६८.४.१२७ दिलाय. आमचं नेटवर्क वेगळं, त्यामुळे पत्ता बदलायचाय. पण बदलताना संपर्कच तुटला तर पुढे काय, ही धास्ती आहे. दुसरं म्हणजे सप्लाय काढून पुन्हा दिला की घड्याळ १ जानेवारी १९७० ला जातं आणि मग सर्व्हर जोडणीच घेत नाही. तिसरं, प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायला हवा आणि पडला तर पुन्हा उठायला हवा. पॅनेल एकदा बंद झालं की तिथे लॅपटॉप घेऊन कोणी जाणार नाही. काय क्रमाने करू?

तारजोडणी

लॅपटॉपला १९२.१६८.३.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, लॅन-१ ला थेट केबल जोडा आणि एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन) आत जा. सगळ्यात आधी पासवर्ड बदला. कंपनीचा पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, म्हणजे तो कुणालाही मिळतो. दोन्ही लॅनना एकाच सबनेटमधले (नेटवर्कच्या एकाच गटातले) पत्ते देऊ नका आणि डीफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा रस्ता) एकाच पोर्टवर ठेवा. नाहीतर विनंती एका पोर्टने येते, उत्तर दुसऱ्याने जातं आणि माणूस केबल बदलत बसतो. घड्याळाचं म्हणाल तर आतली बटण बॅटरी बघा.

जुनं_पॅनेल

मीटरवाचक, ‘पॅनेल बंद झालं की कोणी जाणार नाही’ असं तुम्ही लिहिलंत, त्यावरूनच बाकी सगळं ठरवा. ऑफिसातला संगणक कोणीतरी रीतसर बंद करतं. पॅनेलमधल्याचा सप्लाय एमसीबी (सर्किट ब्रेकर) पाडून जातो, आणि पाडणाऱ्याला आत संगणक आहे हे माहीतही नसतं. म्हणून वीज कुठल्याही क्षणी जाणार हे गृहीत धरून प्रत्येक सेटिंग करा. इतकी वर्षं या पेट्या बसवतोय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

पण आधी कन्सोल. नेटवर्कला हात लावण्यापूर्वी कन्सोलवरून लॉगिन करून दाखवा, स्वतःलाच. बहुतेक पेट्यांत ११५२०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद असं असतं. टर्मिनलसाठी पुट्टी किंवा मिनीकॉम दोन्ही चालतात. केबल लावण्याआधी मॅन्युअलमध्ये एक गोष्ट नक्की बघा: त्या चार पिना आरएस-२३२ पातळीच्या आहेत की ३.३ व्होल्ट टीटीएल. आरएस-२३२ ची लाइन ऋण-धन कितीतरी व्होल्टपर्यंत जाते. ती टीटीएल पिनेवर लावली तर पोर्ट कायमचा जाऊ शकतो. कन्सोल हाती असला की पत्ता चुकला तरी पेटी तुमच्या ताब्यात राहते, कारण बूटलोडरपासून (लिनक्स सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमपासून) पुढचं सगळं तिथे दिसतं. आणि त्या पोर्टवर मीटर कधीच जोडू नका. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश तिथूनच बाहेर पडतात, मॉडबसची फ्रेम त्यात बिघडते.

पत्ता बदलायची सोपी वाट अशी: लॅन-२ वरून आत या आणि लॅन-१ बदला. एकच पोर्ट वापरता येत असेल तर शटडाउन कमांडने पंधरा मिनिटांनी रीबूटचा टायमर लावा. मग नवा पत्ता आयपी कमांडने तात्पुरता द्या, फाइलमध्ये लिहू नका. जुनं सेशन तुटेल. नव्या पत्त्यावर लॉगिन झालं तर टायमर रद्द करा आणि तेव्हाच तो पत्ता फाइलमध्ये पक्का करा. झालं नाही तर पेटी आपोआप रीबूट होऊन जुन्या पत्त्यावर परत येते. टायमर पाच मिनिटांचा का नको, तर शेवटच्या पाच मिनिटांत सिस्टमडी (लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) साध्या यूझरचं नवं लॉगिन नाकारतं. नवा पत्ता बरोबर असूनही तुम्हाला बाहेर राहावं लागेल.

पत्ता पक्का कुठे करायचा हे पेटीवर अवलंबून आहे. काहींत इंटरफेसेस नावाची जुनी फाइल असते, काहींत नेटवर्कमॅनेजर, काहींत सिस्टमडी-नेटवर्कडी. तिघांपैकी चालू कोण आहे ते आधी तपासा. दोघांना एकाच पोर्टवर हुकूम चालवू दिला तर रीबूटनंतर कोणाचं ऐकलं जाईल ते सांगता येत नाही.

प्रोग्रॅमसाठी सिस्टमडीची सर्व्हिस फाइल लिहा, रीस्टार्ट=ऑल्वेज द्या. इथे एक बारकावा आहे जो पुष्कळांना छळतो. रीस्टार्टमधली मूळ विश्रांती फक्त १०० मिलिसेकंद असते, आणि दहा सेकंदांत पाचदा सुरू होऊनही सर्व्हिस पडत राहिली तर सिस्टमडी तिला उठवणं सोडून देतं. नेटवर्क उशिरा आलं की नेमकं हेच होतं. म्हणून विश्रांती दहा सेकंद करा आणि स्टार्ट-लिमिटचा इंटरव्हल शून्य ठेवा. पण रीस्टार्ट फक्त पडलेल्या प्रोग्रॅमला उठवतं, अडकून बसलेल्याला नाही. त्यासाठी सर्व्हिसला वॉचडॉग-सेक (एवढ्या वेळात निरोप आला नाही तर सर्व्हिस अडकली असं धरायची मुदत) द्या आणि मीटरची एक पूर्ण फेरी झाली की मगच प्रोग्रॅमकडून सिस्टमडीला ‘जिवंत आहे’ असा निरोप जाऊ द्या. वेगळ्या थ्रेडमधून (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागातून) नको, कारण वाचणं थांबलं तरी तो थ्रेड निरोप पाठवतच राहील. शिवाय अशा पेटीत बहुधा हार्डवेअर वॉचडॉग असतो, तो रनटाइम-वॉचडॉग-सेकने सिस्टमडीच्या हाती द्या. कर्नल गोठला तर पेटी स्वतःच रीसेट होते.

आता फ्लॅश. आतली ईएमएमसी (बोर्डावरची फ्लॅश मेमरी) लिहून लिहून झिजते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. जर्नलडी (लॉग साठवणारी सर्व्हिस) मूळ सेटिंगमध्ये पार्टिशनचा १० टक्के भाग, जास्तीत जास्त ४ जीबी, स्वतःकडे घेऊ शकतं. लहान पेटीत ते खूप होतं. एकतर मर्यादा ५० एमबीसारखी घाला, नाहीतर स्टोरेज व्होलाटाइल करून लॉग रॅममध्येच ठेवा आणि महत्त्वाचे तेवढे सर्व्हरला पाठवा. रीडिंगसाठी वेगळं डेटा पार्टिशन करा. सर्व्हर बंद असताना रीडिंग एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) साठवा, पण प्रत्येक रीडिंगला कमिट (डिस्कवर पक्कं लिहिणं) न करता मिनिटाला एकदा. मिनिटभराचा डेटा जाईल, फ्लॅश मात्र टिकेल. रूट पार्टिशन रीड-ओन्ली करून वर ओव्हरलेएफएस (बदल वेगळ्या जागी ठेवणारा थर) घालता आलं तर त्याहून उत्तम. फक्त सेटिंग बदलायच्या वेळी ते काढावं लागतं, हे पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा.

घड्याळाबद्दल मात्र बॅटरी एवढ्यावर थांबू नका. आरटीसीबद्दल (आतल्या घड्याळाच्या चिपबद्दल) कर्नल काय म्हणतं ते डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) बघून इथे टाका.

मीटरवाचक

एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. कन्सोल ३.३ व्होल्ट टीटीएल निघाला, त्याप्रमाणे यूएसबी केबल लावली आणि लॉगिन झालं. पत्ताही लॅन-२ वरून बदलला.

बॅटरी मोजली, ३ व्होल्ट दाखवते. डीमेसेजमध्ये दोन घड्याळं दिसतात, आरटीसी० आणि आरटीसी१. सिस्टमची वेळ आरटीसी० वरून घेतली असं लिहिलंय. हे काय प्रकरण आहे?

आणखी एक. टेबलावर एक मीटर व्यवस्थित वाचला जातो. बारा जोडले की मधूनच सीआरसी (संदेश बरोबर पोचला का हे तपासणारा आकडा) चुकतो.

तारजोडणी

मीटरचं मी सांगतो. आधी तो पोर्ट सॉफ्टवेअरमधून आरएस-४८५ दोन-तार मोडवर आहे ना ते बघा. एक मीटर वाचला जातोय म्हणजे बहुधा असणारच. मग वायरिंग. मीटर एकामागून एक साखळीत हवेत, मधूनच लांब फाटे नकोत. १२० ओमचं टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा रोधक) फक्त दोन टोकांना, प्रत्येक मीटरवर नाही. काही मीटरांत ते आतच असतं आणि जंपरने चालू असतं, बाराही मीटर उघडून बघा. कॉमनची तिसरी तार जोडा, ती पुष्कळ ठिकाणी सोडून दिलेली असते. दोन तारांची ए आणि बी ही नावं सगळ्या कंपन्या सारखी वापरत नाहीत, त्यामुळे एखादाच मीटर गप्प असेल तर त्याच्या तारा अदलाबदल करून बघा. पॅरिटी सगळीकडे एकच हवी. मॉडबसच्या मानकात मूळ सेटिंग १९२०० बॉड आणि इव्हन पॅरिटी आहे, बाजारातले बरेच मीटर मात्र ९६०० आणि नो पॅरिटीवर येतात. केबल ड्राइव्हच्या मोटर केबलपासून दूर न्या.

जुनं_पॅनेल

तारजोडणीशी सहमत. टर्मिनेशनपासूनच सुरुवात करा.

दोन घड्याळांचं उत्तर तुमच्याच लॉगमध्ये आहे. आरटीसी० हे प्रोसेसरच्या पोटातलं, त्याला बॅटरी जोडलेली नसावी. आरटीसी१ हे बोर्डावरच्या वेगळ्या चिपमधलं, तुमची ३ व्होल्टची बॅटरी त्यालाच असणार. कर्नल सुरू होताना मूळ सेटिंगने पहिल्यावरून वेळ घेतं, आणि सप्लाय गेला की तेच शून्यावर जातं. दुसरं बरोबर चालतंय का हे एचडब्ल्यूक्लॉक कमांडला आरटीसी१ चं नाव देऊन वाचा. नसेल तर एकदा वेळ लिहा, सप्लाय काढून ठेवा आणि पुन्हा वाचा.

पक्का उपाय म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) एलियास (टोपणनाव) बदलून बॅटरीवाल्या घड्याळाला आरटीसी० करणं. कंपनीकडून तशी फाइल मिळाली तर तेच करा. तोवर बूटच्या सुरुवातीलाच आरटीसी१ वरून सिस्टमची वेळ लावणारी छोटी सर्व्हिस लिहा, आणि तुमची मीटरची सर्व्हिस तिच्यानंतर सुरू होईल असं सांगा. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळलं की कर्नल दर अकरा मिनिटांनी वेळ आरटीसीत लिहितं, पण तेही आरटीसी० मध्येच. म्हणून आरटीसी१ मध्ये लिहिणारा रोजचा एक टायमरही लागेल. घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. प्लांटच्या नेटवर्कला इंटरनेट नसेल तर आतलाच एखादा एनटीपी सर्व्हर मागून घ्या, त्यासाठी यूडीपी १२३ उघडं हवं.

सर्व्हरशी जोडणी का होत नव्हती तेही यातच आलं. १९७० साली सर्व्हरचं टीएलएस प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारी फाइल) अजून लागूच झालेलं नाही, असं पेटीला वाटतं. घड्याळ सुटलं की ते सुटेल. प्रमाणपत्राची तपासणी बंद करून काम भागवा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

पॅनेलमध्ये बसवण्याआधी प्रोग्रॅम चालू असताना, रीडिंग लिहिलं जात असताना, मुद्दाम सप्लाय ओढा. पुन्हा पुन्हा ओढा. प्रत्येक वेळी घड्याळ, सर्व्हिस आणि डेटा तिन्ही तपासा. मग पॅनेलचं दार लावून दुपारभर चालवा आणि थर्मल झोनचं तापमान बघा. आकडा मिलिडिग्रीत येतो, ६१००० म्हणजे ६१ अंश. वर-खाली मोकळी जागा हवी, कारण या पेटीचं अंगच तिचं हीटसिंक आहे.

मीटरवाचक

आरटीसी१ ची वेळ सप्लाय काढूनही बरोबर राहिली. दोन मीटरांत टर्मिनेशनचे जंपर चालू सापडले, काढल्यावर सीआरसीच्या चुका थांबल्या. अशाच आणखी तीन पेट्या येणार आहेत. हिचीच इमेज (सगळ्या साठवणीची हुबेहूब प्रत) त्यांच्यावर टाकली तर चालेल?

जुनं_पॅनेल

चालेल, आणि तसंच करा. हाताने चार पेट्या सेट केल्या तर चारही थोड्या वेगळ्या होतात. पण इमेज घेण्याआधी एसएसएचच्या होस्ट की (पेटीची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्या) आणि मशीन-आयडी काढून टाका आणि पहिल्या बूटला नव्या तयार होतील असं बघा. मशीन-आयडी सारखा राहिला तर डीएचसीपी सर्व्हर (आपोआप पत्ते वाटणारा) दोन पेट्यांना एकच समजू शकतो. होस्ट की सारख्या राहिल्या तर एका पेटीची की ज्याच्या हाती लागेल, तो बाकी तिघींचं सोंग घेऊ शकतो. होस्टनेम, आयपी पत्ता आणि एमक्यूटीटीचा क्लायंट-आयडी प्रत्येकीला वेगळा द्या. क्लायंट-आयडी सारखा असेल तर ब्रोकर (एमक्यूटीटीचा सर्व्हर) दुसरीला आत घेताना पहिलीला बाहेर काढतो, मग पहिली परत येते आणि दुसरी बाहेर जाते. लॉगमध्ये दोन्हींचं कनेक्शन सारखं तुटताना दिसेल आणि तुम्ही केबलवर संशय घ्याल.