पुतळे हटवायचा कायदा: व्हर्जिनियात नेमकं काय झालं?

जेम्सकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही हल्लीच रिचमंडजवळ हेन्रायकोला शिफ्ट झालोय. मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर जनरल लीचा (यादवी युद्धात गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा, सेनापती) तो अवाढव्य पुतळा होता ना, तिथं आता नुसतं सर्कल आणि झाडं. शेजारचे एक आजोबा म्हणतात आमचा इतिहास पुसला, ऑफिसमधली आफ्रिकन अमेरिकन मैत्रीण म्हणते हे शंभर वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, मी दोघांचं ऐकून घेते पण मला मुळात कायदाच कळलेला नाही. पुतळा गावाचा, जागा गावाची, मग गावाने ठराव करून तो काढायला इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या का? आणि व्हर्जिनियातल्याच शार्लट्सव्हिल शहरातला लीचा पुतळा तर वितळवूनच टाकला, ते मला खरंच पटलं नाही. म्युझियममध्ये ठेवता आला नसता का? ज्यांनी हे जवळून फॉलो केलंय त्यांनी प्लीज सांगा.

दगडी_पाटी:
गावाचा पुतळा असला तरी गावाला हात लावायची मुभाच नव्हती, तिथंच सगळं अडलं. व्हर्जिनियात १९०४ पासून कायदा होता की युद्धस्मारक एकदा उभं राहिलं की हलवायचं नाही. आधी तो काउंट्यांपुरता (म्हणजे जिल्ह्यांपुरता) होता, १९९७ मध्ये शहरंही त्यात आणली. शार्लट्सव्हिलच्या कौन्सिलने फेब्रुवारी २०१७ मध्ये ली काढायचा ठराव केला, लगेच दावा दाखल झाला, ऑगस्टमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा आला, त्यातल्या एकाने विरोध करणाऱ्या लोकांच्या गर्दीत गाडी घातली आणि हेदर हायर ही ३२ वर्षांची मुलगी गेली. तरी पुतळा जागच्या जागी. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९९७ च्या आधी शहरांनी उभारलेल्या पुतळ्यांना हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे चार वर्षं ज्या कायद्यावरून भांडण चाललं तो तिथं नव्हताच! मला याचा तेव्हाही संताप आला होता, आजही येतो.

मधल्या काळात, २०२० मध्ये, विधिमंडळाने कायदाच बदलला, गव्हर्नर नॉर्थम यांनी सही केली, १ जुलै २०२० पासून लागू. आता गावाने आधी पेपरात नोटीस द्यायची, जाहीर सुनावणी घ्यायची, मग मतदान, आणि काढायचं ठरलं तर ३० दिवस म्युझियम, हिस्टॉरिकल सोसायटी, रणभूमीचं स्मारक अशा कुणाला हवा का ते विचारायचं. त्यानंतर त्याचं काय करायचं हे फक्त गाव ठरवणार. शार्लट्सव्हिलने तो तिथल्याच जेफरसन स्कूल आफ्रिकन अमेरिकन हेरिटेज सेंटरला दिला. ब्राँझ वितळवून त्यातून नवी कलाकृती करायची हे त्यांनी प्रस्तावातच लिहिलं होतं, लपवून काही केलेलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वितळवला.

पिंपळपार:
रिचमंडच्या लीची गोष्ट वेगळी आहे, तो शहराचा नव्हताच, राज्याचा होता. १८९० मध्ये जागा घेताना राज्याने लेखी कबूल केलं होतं की पुतळा, चौथरा आणि सर्कल कायम पवित्र मानून सांभाळू. जून २०२० मध्ये, पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची हत्या झाल्यावर, नॉर्थमनी तो काढायचा आदेश दिला तेव्हा त्याच करारावर बोट ठेवून लोक कोर्टात गेले. २ सप्टेंबर २०२१ ला निकाल आला की पुतळा ठेवणं म्हणजे सरकारने काहीतरी म्हणणं आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या सरकारने आजच्या सरकारला कायमचं तेच म्हणायला भाग पाडता येत नाही. ८ सप्टेंबरला पुतळा खाली.

आता "इतिहास पुसला" याबद्दल. त्या आजोबांना आदराने एवढंच विचारा की युद्ध १८६५ ला संपलं, ली १८७० ला गेला, मग त्याचा पुतळा १८९० ला आणि त्याच रस्त्यावर कॉन्फेडरसीचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा १९०७ ला कसा? मधे १९०२ ला व्हर्जिनियाची नवी राज्यघटना झाली जिने पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरायचा कर) वगैरे लावून काळ्या लोकांचा मताधिकार जवळजवळ संपवला. पुतळे त्या काळाचे आहेत, युद्धाचे नाहीत. आणि स्वतः ली १८६९ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवरच्या कार्यक्रमाला नकार देताना लिहून गेलाय की युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत.

१८९० मध्ये रिचमंडला जॉन मिचेल ज्युनियर नावाचे काळे संपादक होते, रिचमंड प्लॅनेट पेपरचे, शहर कौन्सिलवरही होते. त्यांनी पुतळ्याच्या खर्चाला विरोध केला, आणि लिहिलं की हा पुतळा उभारायला काळ्या माणसाचेच हात लागलेत, वेळ आली की उतरवायलाही तोच हजर असेल. २०२० मध्ये शहराचे पुतळे उतरवायला बऱ्याच ठेकेदारांनी नकार दिल्यावर ते काम डेव्हन हेन्री या काळ्या ठेकेदाराने घेतलं, ली पण त्यांच्याच कंपनीने उतरवला. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

सरळमार्गी:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पुतळे जावेत हे मलाही मान्य आहे, पण डेव्हिसचा पुतळा जून २०२० मध्ये जमावाने दोर लावून पाडला ते मला आवडलं नव्हतं. आज तुमच्या मनासारखा जमाव आहे, उद्या दुसरा असेल. सुनावणी, नोटीस, मतदान यात वेळ जातो पण हरलेल्या माणसालाही आपलं म्हणणं मांडायला मिळतं, ते फार मोठं आहे.

दगडी_पाटी:
@सरळमार्गी तत्त्व म्हणून मान्य, पण सुनावणीचा रस्ताच बंद करून ठेवला असेल तर? अलाबामाचा २०१७ चा कायदा बघा, ४० वर्षं किंवा त्याहून जुनं स्मारक हलवायचं नाही, हलवलं तर २५,००० डॉलर दंड. बर्मिंगहॅममध्ये बहुसंख्य लोक काळे, त्यांनी निवडून दिलेल्या महापौरालाही परवानगी नाही. त्यांनी २०२० मध्ये तिथलं कॉन्फेडरेट स्मारक काढलं आणि दंड भरला. टेनेसीतही राज्याचा असाच कायदा, तर मेंफिसने डिसेंबर २०१७ मध्ये दोन पार्कच प्रत्येकी १,००० डॉलरला एका ना-नफा संस्थेला विकले, कारण कायदा सरकारी जागेपुरता होता, आणि त्याच रात्री गुलामांचा व्यापारी नेथन बेडफर्ड फॉरेस्टचा पुतळा उचलला. पुढच्या वर्षी विधिमंडळाने शहराचे अडीच लाख डॉलर कापले. लोकांनी सरळ मार्गाने ठराव केले होते हो, राजधानीत बसलेल्यांनी ते चालू दिले नाहीत.

राणीबाग:
मुंबईकर म्हणून दोन ओळी. काळा घोडा म्हणजे एडवर्ड सातव्याचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याला नेला. वितळवला नाही, आजही जाऊन बघता येतो. मला हा मार्ग बरा वाटतो. पण आपल्याकडचा राजा निघून गेला होता, तिथं लीला मानणारे आणि ज्यांचे पणजोबा विकले गेले ते एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे आपलं उदाहरण तिथं जसंच्या तसं लावता येणार नाही.

जेम्सकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मिचेल यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. वितळवण्याबद्दल अजून मन तयार होत नाही पण निदान सगळं उघडपणे ठरलं हे कळलं. एक अजून, वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, पण असे पुतळे आहेत ना? तिथं कोण ठरवतं?

पिंपळपार:
तिथं १८६४ च्या कायद्याने प्रत्येक राज्य दोन पुतळे देतं, आणि २००० पासून राज्याला ते बदलता येतात, पण ठराव राज्याच्या विधिमंडळाने करायचा आणि गव्हर्नरने मान्य करायचा. व्हर्जिनियाने आपला ली डिसेंबर २०२० मध्ये परत घेतला आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सची निवड केली, १९५१ मध्ये १६ वर्षांची असताना काळ्या मुलांच्या मोडक्या शाळेविरुद्ध संप करणारी मुलगी. फ्लोरिडानेही २०२२ मध्ये कॉन्फेडरेट जनरल काढून मेरी मॅक्लिओड बेथून यांचा बसवला.

कॅपिटॉलमधले असे सगळे पुतळे एकदम काढायचं बिल हाऊसने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) जून २०२१ मध्ये २८५ विरुद्ध १२० ने पास केलं, सिनेटमध्ये अडकलं. काळे लोक अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत असा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल देणारे न्यायमूर्ती टेनी यांचा अर्धपुतळा काढायचा छोटा कायदा तेवढा डिसेंबर २०२२ मध्ये झाला, त्या जागी सुप्रीम कोर्टाचे पहिले काळे न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांचा बसवायचं त्यातच लिहिलंय. जॉर्जियाने दिलेला, कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याचा पुतळा मात्र तिथंच उभा आहे, ज्याने १८६१ मध्ये सव्हानाच्या भाषणात सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमच्या सरकारचा पाया. तो काढायचा तर एकतर अटलांटाच्या विधिमंडळाने ठराव करायला हवा, नाहीतर ते बिल पुन्हा आणून सिनेटमध्ये पास करायला हवं.